हॉथॉर्नच्या गोळ्या हृदयाला खरंच चालतात का?

मागच्या महिन्यात मावशीच्या औषधांच्या डब्यात एक नवीन बाटली दिसली. वर लाल फळांचा घोस, खाली मोठ्या अक्षरात हॉथॉर्न बेरी, आणि त्याच्याही खाली "हृदयाच्या आरोग्यासाठी". कुणीतरी तिला व्हिडिओ पाठवला होता, त्यात सांगितलं होतं की युरोपात शेकडो वर्षं हृदयासाठी हेच देतात आणि साइड इफेक्ट शून्य, मग तिने ऑनलाइन मागवलं. मावशीला बीपीची गोळी चालू आहे, दोन वर्षांपूर्वी हार्ट फेल्युअर निघालंय त्याच्या गोळ्या वेगळ्या. मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलंस का, तर म्हणाली, "अगं झाडपाल्याचं आहे ते, त्यात काय सांगायचं?"

त्या एका वाक्यापायी मी पुढचे चार दिवस हॉथॉर्नबद्दल मिळेल ते वाचत बसले. आणि जे कळलं ते व्हिडिओवाल्यापेक्षा वेगळं आहे, तसंच "हे सगळं थोतांड आहे" म्हणणाऱ्यांपेक्षाही वेगळं आहे. या झाडात काहीतरी आहे, ते खरं आहे. पण ते फार सौम्य आहे, आणि ज्या आजारासाठी लोक ते विकत घेतात तो आजार अजिबात सौम्य नाहीये. सगळा घोळ तिथे आहे.

आधी हे झाड कुठलं ते बघू

आपल्याकडे याला रोजच्या वापरातलं नाव नाही म्हणून हॉथॉर्नच म्हणते. गुलाब आणि सफरचंद ज्या कुळातले त्याच कुळातलं हे काटेरी झुडूप, वाढू दिलं तर छोटं झाड होतं. युरोपात शेताच्या कुंपणाला लावतात कारण काटे इतके दणकट की जनावर आत घुसत नाही. मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी लगडतं म्हणून इंग्लंडमध्ये त्याला नुसतं "मे" असंही म्हणतात. दिसायला फुलं इतकी सुंदर, पण वास थोडा कुजकट असतो, कारण त्यांच्यात ट्रायमिथाइलअमाइन नावाचं रसायन असतं, मांस कुजायला लागलं की जे तयार होतं तेच. ही फुलं घरात आणली की घरात मृत्यू येतो असं तिकडे जुने लोक मानायचे ते बहुतेक यामुळेच. हृदयाचं औषध म्हणून जे झाड विकलं जातं त्याच्याबद्दल ही समजूत असावी याचं मला नवल वाटलं.

फळं वाटाण्यापेक्षा जराशी मोठी, लालभडक, आत कडक बी. जवळून पाहिलं तर खालच्या टोकाला सफरचंदाला असते तशीच फुलाची सुकलेली खूण दिसते.

आता महत्त्वाची गोष्ट. हॉथॉर्न ही एकच वनस्पती नाही, क्रॅटेगस नावाच्या गटात शेकडो जाती आहेत. युरोपात औषधासाठी त्यातल्या मुख्यतः दोन वापरतात, त्यांची पानं आणि फुलं, हृदयासाठी. चीनमध्ये तिसरीच जात, फळं मोठी, नाव शानझा, आणि तिथल्या पारंपरिक वैद्यकात ती प्रामुख्याने पचनासाठी देतात, खास करून मांसाचं जड जेवण पचावं म्हणून. मेक्सिकोत चौथी जात, तिला तेहोकोते म्हणतात, हिचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. बाटलीवर नुसतं "हॉथॉर्न" लिहिलं असेल तर यातलं आत काय आहे ते त्या एका शब्दावरून कळत नाही.

पान, फूल की फळ, फरक पडतो का?

पडतो, आणि बराच पडतो. जर्मनीत वनौषधींची छाननी करणारी एक सरकारी समिती होती, कमिशन ई. तिने १९९४ मध्ये हॉथॉर्नची पानं आणि फुलं मिळून केलेल्या अर्काला सौम्य हार्ट फेल्युअरसाठी मान्यता दिली, दिवसाला १६० ते ९०० मिलिग्रॅम. नुसत्या फळांना ती मान्यता मिळाली नाही, कारण पुरेसा पुरावा नव्हता.

नंतरचे मोठे अभ्यास झाले तेही पान-फुलांच्या अर्कावर. आणि साधासुधा अर्क नाही, प्रमाणित अर्क. प्रमाणित म्हणजे प्रत्येक गोळीत ठरलेला घटक ठरलेल्या प्रमाणातच असणार याची खात्री केलेली. झाड कुठे वाढलं, पाऊस किती झाला, पानं कधी तोडली, यावर आतली रसायनं कमीजास्त होतात, म्हणून हे करावं लागतं. सगळ्यात जास्त अभ्यासलेला जो अर्क आहे, डब्ल्यूएस १४४२, त्यात ओपीसी नावाच्या घटकाचं प्रमाण १८.७५ टक्के ठेवलेलं असतं.

मावशीची बाटली मी उलटीपालटी करून पाहिली. "बेरी" म्हणजे फळ. अर्क आहे की नुसतं फळ वाळवून केलेली पावडर, ते लिहिलेलं नाही. कुठली जात, लिहिलेलं नाही. मुख्य घटक किती टक्के, तेही नाही. म्हणजे ज्या अभ्यासांचं नाव घेऊन हे विकलं जातं त्या अभ्यासातली गोळी वेगळी आणि ही वेगळी.

शरीरात जाऊन करतं काय?

हृदय म्हणजे पंप आणि रक्तवाहिन्या म्हणजे पाइप असं धरा. पंपावरचा ताण कमी करायचा तर दोन वाटा आहेत, एक तर पंपाचा जोर वाढवायचा किंवा पाइप थोडे रुंद करायचे म्हणजे पाणी ढकलायला कमी कष्ट पडतील. हॉथॉर्नमधली रसायनं, म्हणजे फ्लेव्होनॉइड आणि ते मघाचं ओपीसी, दोन्हीकडे थोडंथोडं काम करतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, त्याने वाहिनीचे स्नायू सैलावतात आणि वाहिनी रुंदावते, हॉथॉर्न हे सुटणं वाढवतं. शिवाय हृदयाच्या स्नायूचं आकुंचन किंचित जोरकस होतं.

हे काम हळूहळू होतं. फरक पडलाच तर तो दिसायला सहा-आठ आठवडे लागू शकतात. त्यामुळे छातीत दुखायला लागलं आणि हॉथॉर्नची गोळी घेतली, असं कुणी करत असेल तर कृपा करून थांबा, ते अशा वेळचं औषधच नाही.

मग हार्ट फेल्युअरमध्ये उपयोग होतो की नाही?

हार्ट फेल्युअर या शब्दाने लोक घाबरतात, त्यांना वाटतं हृदय बंद पडलं. तसं नसतं. पंप चालू असतो, पण शरीराला हवं तितकं रक्त तो पुढे ढकलू शकत नाही, म्हणून जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, रात्री आडवं झाल्यावर श्वास अडकतो.

२००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने, जी जगभरच्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढते, हॉथॉर्नचा आढावा घेतला. चाचण्या १४ सापडल्या, त्यातल्या १० चाचण्यांमधल्या ८५५ रुग्णांचे आकडे एकत्र करता आले. प्लासिबो, म्हणजे जिच्यात औषधच नाही अशी दिसायला तशीच गोळी, घेणाऱ्यांच्या तुलनेत हॉथॉर्न घेणाऱ्यांची धाप आणि थकवा कमी झाला, व्यायामाची ताकद थोडी वाढली. हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण यातल्या बऱ्याच चाचण्यांत लोकांची नेहमीची औषधं चालू होती आणि हॉथॉर्न त्यांच्या जोडीला होतं. आणि आयुष्य वाढतं का, या प्रश्नाला त्या चाचण्यांत फारसं उत्तरच नव्हतं.

ते उत्तर शोधायला मोठा अभ्यास झाला, नाव स्पाइस, निकाल २००८ मध्येच छापून आला. २६८१ रुग्ण, निम्म्यांना तोच प्रमाणित अर्क रोज ९०० मिलिग्रॅम, निम्म्यांना प्लासिबो, दोन वर्षं. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अ‍ॅटॅक किंवा आजार वाढून हॉस्पिटलात भरती, यातलं काहीतरी किती जणांना झालं ते मोजलं. हॉथॉर्न घेणाऱ्यांत २७.९ टक्के, प्लासिबोवाल्यांत २८.९ टक्के. म्हणजे फरक नाही म्हटलं तरी चालेल.

हा आकडा नुसता वाचून काही वाटत नाही म्हणून त्याच्या शेजारी दुसरा ठेवते. बिसोप्रोलोल नावाची एक बीटा ब्लॉकर गोळी आहे, हृदयाचे ठोके शांत करणारी, मावशी जी घेते तीच. तिचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, रुग्ण २६४७, म्हणजे जवळपास तेवढेच. तिथले रुग्ण जास्त आजारी होते आणि मोजलं ते मृत्यूचं प्रमाण, त्यामुळे दोन्ही आकडे जसेच्या तसे जोडता येत नाहीत, पण बघा: प्लासिबो घेणाऱ्यांत १७.३ टक्के दगावले, गोळी घेणाऱ्यांत ११.८. फायदा इतका स्पष्ट होता की तो अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला. हे वाचल्यावर मी मावशीच्या डब्यातली ती छोटीशी पांढरी गोळी हातात घेऊन बघत बसले, खरं सांगते. तिच्यावर लाल फळांचं चित्र नाही म्हणून तिचं कुणाला कौतुक नाही.

अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, १२० रुग्ण, सहा महिने, आणि सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो ते मोजलं. आधुनिक औषधं चालू असलेल्यांना हॉथॉर्न देऊन काही जास्तीचा फायदा दिसला नाही. उलट त्याच अभ्यासाचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा हॉथॉर्न घेणाऱ्यांत सुरुवातीच्या काळात आजार बळावण्याचं प्रमाण जास्त दिसलं. अभ्यास लहान आहे, त्यावरून हॉथॉर्न घातक असा शिक्का मारता येणार नाही, पण "फायदा झाला तर झाला, नुकसान तर काही नाही" हे जे आपण सहज बोलतो ते इथे लागू पडत नाही.

"पण अचानक मृत्यू कमी होतात असं सिद्ध झालंय ना?"

हा मुद्दा विक्रीच्या जाहिरातींत सापडतो आणि तो सरळ खोटा नाहीये, म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा. स्पाइसमधल्या एका गटात, ज्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन २५ टक्के किंवा वर होतं, अचानक हृदय थांबून होणारे मृत्यू कमी दिसले. इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं तो आकडा, निरोगी माणसात साधारण ५० ते ७०.

पण मूळ प्रश्नाचं उत्तर "फरक नाही" आलेलं आहे. वर्षाचा निकाल नापास आणि मग मार्कशीटमधल्या एका विषयाचेच मार्क सगळ्यांना दाखवत फिरायचं, तसं आहे हे. त्या एका विषयाची खरंच तयारी असेलही, पण त्यासाठी त्या विषयाची परीक्षा पुन्हा वेगळी घ्यावी लागते. तोवर त्याला पुरावा म्हणता येत नाही.

बीपी आणि धडधड

टाइप २ डायबिटीस असलेल्या ७९ जणांवर १६ आठवड्यांचा अभ्यास झाला होता, रोज १२०० मिलिग्रॅम. खालचं बीपी सरासरी ८५.६ वरून ८३ वर आलं, वरच्या बीपीत प्लासिबोपेक्षा फरक नाही. म्हणजे परिणाम आहे, पण बीपीची गोळी बंद करावी इतका मुळीच नाही.

धडधडीचं वेगळं आहे. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१६ मध्ये हॉथॉर्नची पानं-फुलं ताणामुळे होणारी तात्पुरती धडधड, सौम्य मानसिक ताण आणि झोपेसाठी "पारंपरिक औषध" म्हणून मान्य केली. या पारंपरिक शब्दाचा अर्थ ठरलेला आहे: निदान ३० वर्षं वापरात आहे, त्यातली १५ युरोपियन युनियनमध्ये, आणि त्या वापरावरून उपयोग होत असावा असं वाटतं. चाचण्यांनी सिद्ध झालं असा तो शिक्का नाही. शिवाय अट आहे की डॉक्टरांनी आधी गंभीर आजार नाही याची खात्री करायची. कारण धडधड थायरॉइडने होते, रक्त कमी असलं की होते, हृदयाची लय बिघडली की होते. कारण न बघता धडधड दाबत बसलो तर कारण आत तसंच वाढत राहतं.

साइड इफेक्ट किती?

इथे हॉथॉर्नला न्याय द्यायला हवा. २००६ मध्ये २४ अभ्यासांमधले ५५७७ रुग्ण तपासले, त्यांच्यात त्रास झाल्याच्या नोंदी १६६. चक्कर, मळमळ, पोटाची कुरकुर, डोकेदुखी, धडधड, बहुतेक सौम्य. एवढ्यावर बघितलं तर कितीतरी नेहमीच्या औषधांपेक्षा हे सोसवणारं आहे.

पण ते रुग्ण अभ्यासात होते, गोळीत काय आहे ते माहीत होतं, डॉक्टर लक्ष ठेवून होते. घरी आपण घेतो तेव्हा यातलं काहीच नसतं, आणि सोबत बाकीच्या गोळ्या असतात. बीपीची गोळी, नायट्रेट म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती, सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रा, या सगळ्या आपापल्या परीने रक्तवाहिन्या रुंद करतात किंवा बीपी उतरवतात, त्यात हॉथॉर्नची भर पडली तर बीपी नको इतकं खाली जाऊ शकतं. वयस्क माणूस पहाटे बाथरूमला उठतो, डोळ्यापुढे अंधारी येते, पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. साइड इफेक्टच्या यादीत याला नुसतं "चक्कर" म्हणतात.

डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं. त्याचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यात अंतर फार कमी असतं, म्हणून रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं. आठ निरोगी लोकांवरच्या एका छोट्या अभ्यासात हॉथॉर्नमुळे हे प्रमाण फारसं बदललं नाही, ते चांगलंच आहे, पण दोन्ही हृदयावरच काम करतात, आणि काही प्रकारच्या रक्ततपासणीत हॉथॉर्नमुळे डिगॉक्सिनचा आकडाच चुकीचा येऊ शकतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्यांना आधी सांगा. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल तर नकोच, तिथे सुरक्षिततेची पुरेशी माहिती नाही. लहान मुलांना तर अजिबात नाही.

बाटलीत तेच आहे कशावरून?

मला सगळ्यात जास्त धक्का याने बसला. मघाशी म्हटलं ना, मेक्सिकोतलं तेहोकोते लक्षात ठेवा. अमेरिकेत त्याच्या मुळाचे तुकडे वजन कमी करायला म्हणून ऑनलाइन विकले जात होते. २०२२ मध्ये दोन वर्षांचंही नसलेलं एक मूल आईच्या बाटलीतले तुकडे खाऊन हॉस्पिटलात आलं, उलट्या, बीपी खाली, हृदयाचे ठोके मंद. घरात कुणी डिगॉक्सिन घेत नसताना रक्तात डिगॉक्सिनसारखं काहीतरी सापडलं. मग तज्ज्ञांनी तेहोकोते नावाने विकली जाणारी दहा उत्पादनं मागवून तपासली, त्यातल्या नवांमध्ये तेहोकोते नव्हतंच. होती पिवळी कण्हेर.

पिवळी कण्हेर म्हणजे आपली बिट्टी. जिच्या बिया विषारी असतात हे आपण लहानपणापासून ऐकतो तीच. तिच्यातलं विष थेट हृदयाच्या ठोक्यावर काम करतं. नंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही असे इशारे दिले.

यात हॉथॉर्न बिचाऱ्याचा दोष काहीच नाही, पण बाटली विकत घेणाऱ्याला पावडर बघून काय कळणार?

"नैसर्गिक आहे, मग भीती कसली?"

बिट्टीही नैसर्गिकच आहे. डिगॉक्सिन सुद्धा फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडाच्या पानांतून काढतात. झाडातून आलं की सौम्य, असं काही निसर्गाने ठरवून दिलेलं नाही.

दुसरं एक ऐकू येतं की डॉक्टरांना सांगून काय उपयोग, ते ओरडतातच. काही ओरडतात, मान्य आहे, आणि त्यांनी ओरडू नये, कारण ओरडल्याने पेशंट गोळी बंद करत नाही, फक्त सांगणं बंद करतो. तरीही सांगा. नुसतं नाव सांगू नका, बाटलीच घेऊन जा, म्हणजे कुठला भाग, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, सगळं समोर येतं.

आणि हे घेता-घेता घोटे सुजायला लागले, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, झोपताना उशा वाढवाव्या लागल्या तर गोळीचा परिणाम व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीतली कळ हाताकडे, मानेकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर सरळ हॉस्पिटल.

मावशीला घेऊन गेले मी, बाटलीसकट. डॉक्टरांनी लेबल वाचलं, मग तिला झोपवून आणि उभं करून दोनदा बीपी घेतलं, उभं केल्यावर बरंच खाली गेलं. त्यांनी विचारलं चक्कर येते का, तर म्हणाली उठताना येते थोडी, तीन आठवडे झाले. घरी आम्हाला कुणालाच बोलली नव्हती. आणि मग हळूच सांगितलं की लघवीची गोळी तिने अर्धी केली होती, "हे घेतेय ना आता, म्हणून." डॉक्टर ओरडले नाहीत. कॅप्सूल बंद केली, गोळी पूर्ववत केली आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करून वहीत लिहायला सांगितलं. वही मीच आणली. पहिल्या पानावर ६१.४ आहे, आठव्या दिवशी ५९.६, आणि त्याच्यापुढे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "पायाची सूज उतरली, चप्पल बसते."